बांधावरची रोपं

त्या वर्षी थंडी यायच्या दिवसांत गरम वारा सुटला आणि एकदा सुटला तो थांबायचं नाव घेईना. संध्याकाळी लावलेलं टोमॅटोचं रोप दुसऱ्या दुपारी मान टाकायचं आणि नंतर त्याची नुसती काडी उरायची. ठिबकच्या नळ्या दिवसरात्र चालू, तरी ओळींमध्ये जागोजागी उघडी माती. रोप मेलेल्या त्या मोकळ्या जागांना नांग्या म्हणतात, आणि नांग्या भरण्यासारखं किचकट काम शेतात दुसरं नाही. सलग ओळ लावताना हाताला लय सापडते. नांग्यांमध्ये ती सापडत नाही. चालायचं, वाकायचं, लावायचं, उठायचं, पुन्हा चालायचं. संध्याकाळी कंबर आपली आहे की कुणाची उसनी आणली आहे तेच कळत नाही.

मी आणि माझी वहिनी मालकांच्या मळ्यात लावणीला होतो. दादा, म्हणजे माझा भाऊ, तिथेच पाण्यावर. मोटर, व्हॉल्व्ह, नळ्या, सगळं त्याच्याकडे. आम्ही राहत होतो ती खोलीही मालकांचीच, मळ्याच्या कुंपणाला लागून कामगारांसाठी बांधलेल्या रांगेतली शेवटची. माझा संसार मोडल्यावर मी भावाकडे आले ती तिथलीच झाले. कुणी त्याबद्दल फार खोदून विचारलं की मी त्यालाच त्याच्या घरातलं काहीतरी विचारते, म्हणून हल्ली कुणी विचारत नाही.

दादाला एक वाईट सवय होती. मालकांनी काहीही विचारलं की तो आधी म्हणायचा, "तुमचंच आहे." मालक विचारणार, ही सायकल कुणाची रे? तुमचीच, मालक. सायकल त्याने स्वतः पोटाला चिमटा काढून घेतलेली. हा डबा कुणाचा? तुमचाच. ही पोरगी कुणाची? तीही तुमचीच. मालक हसायचे, दादा हसायचा आणि तिकडे वहिनीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"एक दिवस मलाही देऊन टाकाल," ती घरी आल्यावर म्हणायची.

"अगं, बोलायची पद्धत असते ती. खरंच कुठे कोण नेतंय?" दादा म्हणायचा.

त्याची पोरगी सातवीत होती. अंगाने एवढीशी आणि दिवसभर काहीतरी उचलून कुठून तरी कुठे तरी नेत असायची, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणायचे. वेळ आली तर चावायचीही.

मळ्यात एक रिवाज होता. लावणी झाली की उरलेली रोपं बांधावर टाकायची. फार उंच झालेली, वाकडी, मुळं तुटलेली, सगळी एकत्र ढिगात. ती कुणी मोजायचं नाही की त्यांच्याबद्दल कुणी विचारायचं नाही. एखादी बाई मूठभर नेऊन दारात लावायची, बाकीची उन्हात वाळून जायची.

एका संध्याकाळी मी कामावरून आले तर मुंगी मोरीच्या मागच्या भिंतीला उकिडवी बसलेली. पुढ्यात चिखलाची बादली, शेजारी बांधावरून आणलेला मलूल रोपांचा भारा. जुन्या वर्तमानपत्राची पट्टी बाटलीभोवती गुंडाळायची, खालचा कागद दुमडायचा, बाटली काढून घ्यायची, की झाला पेला. असे पेले तिने भिंतीला ओळीने लावले होते.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"दवाखाना," ती म्हणाली.

"आणि पेशंट?"

"मेलेले नाहीत आत्या, बेशुद्ध आहेत."

ती रोपाची मुळं चिखलात बुडवायची, खालची पानं खुडून टाकायची आणि खोड जवळजवळ शेंड्यापर्यंत मातीत गाडायची. टोमॅटोचं खोड मातीत गेलं की त्यालाही मुळ्या फुटतात, हे आम्हा लावणीवाल्या बायकांना सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असून कुणी केलं नव्हतं. दुसऱ्याच्या रोपांत आपण कशाला इतका जीव घालायचा! फार लांब रोपं असतील तर मुंगी त्यांचे शेंडे कापून वेगळ्या पेल्यात खोचायची. म्हणजे एका पेशंटचे दोन.

वहिनी आली, तिने पाहिलं. मला वाटलं, ओरडणार. खोलीत आधीच पाय ठेवायला जागा नव्हती आणि त्यात ही माती. पण ती तशीच, मळलेल्या हातांनी लेकीजवळ बसली.

"याचं करणार काय?"

"विकणार."

"कोण घेणार?"

"ज्यांच्या शेतात नांग्या पडल्यात ते."

वहिनीने एक पेला उचलला, डोळ्यांसमोर धरला, परत ठेवला. "कर. पण अर्ध्यावर सोडायचं असेल तर आत्ताच सोड."

दादाला हे पटलं नाही. "तिने शाळा शिकावी. चांगली शिकली तर मालकांना सांगून मळ्याच्या ऑफिसात लावू."

"म्हणजे खुर्चीवर बसून 'तुमचंच आहे' म्हणायला," वहिनी म्हणाली. 

महिन्याभरात भिंतीमागे रोपांचं दाट रान झालं. सावली नाही, जाळी नाही, सगळा वारा अंगावर. जी टिकली ती अशी ठणठणीत, की खोडाला बोट लावलं तरी हलायची नाहीत.

त्याच सुमाराला शाळेत मुलांचा बाजार भरला. मुलांना लहानपणापासून व्यवसायाची गोडी लागावी म्हणून बाईंनी ठरवलेला. मी अर्धा दिवस बुडवून गेले. बाकीच्या पोरांनी घरून आईने केलेला खाऊ आणला होता आणि त्यांच्याच आया तो विकत घेत होत्या. आमची मुंगी शेवटच्या बाकावर रोपं मांडून बसलेली. पाहुणे म्हणून आले होते आमचेच मालक.

मालकांनी भाषण केलं. मुलांनो, दुसऱ्याच्या दारात नोकरी मागत उभे राहू नका. वय लहान आहे असं समजू नका, आजच सुरुवात करा, स्वतःच्या पायावर उभे राहा. अगदी हात उंचावून बोलले. पोरांना असं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. कुणी आमच्या पोरीसमोर इतकं चांगलं बोलल्याचं मी आधी ऐकलं नव्हतं.

मग ते एकेका बाकापाशी थांबत मुंगीपाशी आले. "अरे वा! आणि ही रोपं कुठून आणलीस?"

मुंगी उभी राहिली. मोठ्या माणसाशी अदबीने बोलायचं कसं, ते तिने घरातच ऐकलेलं. ती म्हणाली, "तुमच्याच मळ्यातली, मालक. तुमचीच आहेत."

मालक खूश. बाई खूश. मालकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि फोटो निघाला. मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही. पोरगी शहाणी आहे, असंच मला वाटलं.

बाजाराचा दिवस संपला तशी बाकीच्या पोरांची दुकानंही संपली. मुंगीचं संपलं नाही. आठवड्याचा बाजार भरायचा त्या चौकात ती रोपं घेऊन जाऊ लागली. वहिनी काम सोडून येऊ शकत नव्हती, म्हणून पहिल्या दिवशी मी सोबत गेले. कडेला पंक्चरवाल्याचं दुकान होतं, त्याच्या पायरीपाशी आम्ही पेले मांडले. तो चाक खोलत होता. मान वर न करता म्हणाला, "जागा माझी आहे. भाडं पडेल."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अहो, लहान पोर आहे. कोपऱ्यात बसलीय, तुमचं काय खाते?"

"लहान पोर आहे तर घरी खेळू द्या. धंदा करत असेल तर भाडं." मग त्याने हात फडक्याला पुसले आणि थेट मुंगीशी बोलायला लागला, जणू मी तिथे नव्हतेच. "फुकट बसलीस तर कुणीही येऊन उठवेल. भाडं दिलंस तर तुला उठवायच्या आधी मला विचारावं लागेल. बघ, परवडतंय का."

मुंगीने विचार केला. "आज विकून झाल्यावर देईन. आणि टायर बुडवायच्या टाकीतलं पाणी मला रोपांना घेऊ द्यायचं."

"पाण्याचे वेगळे."

"पाणी भाड्यातच," मुंगी म्हणाली, आणि तो पहिल्यांदा हसला. पोरीशी घासाघीस करताना त्याने तिला कुठेही लहान धरलं नाही. शाळेतल्या सगळ्या भाषणापेक्षा मला ते बोलणं जास्त मोलाचं वाटलं.

रोपं खपली. वाऱ्याने सगळ्यांचीच शेतं विरळ केली होती. ज्यांनी पहिल्या बाजाराला नेली ते दुसऱ्या बाजाराला परत आले, कारण मुंगीचं रोप मरत नव्हतं. रांगेतली पोरं तिला कागदाचे पेले वळून द्यायला लागली. तिनेही त्यांना फुकट राबवलं नाही, पेल्यामागे ठरलेलं द्यायची. त्यामुळे झालं काय, सुट्टीच्या दिवशी पोरं मालकांच्या मळ्यात टोमॅटो खुडायला जायची ती येईनाशी झाली. मुकादम बांधावरून ओरडला, "पोरं कुठे गेली सगळी?"

"पेले वळतायत," कुणीतरी सांगितलं.

मुकादम मालकांच्या कानाला लागला असणार. चारच दिवसांत बाईंनी वहिनीला शाळेत बोलावून घेतलं. मीही गेले.

"ती एक दिवसाची गंमत होती हो," बाई म्हणाल्या. "मुलांना कळावं म्हणून. आता तिने अभ्यासाकडे लक्ष द्यायला हवं."

"अभ्यासात मागे पडलीय का?" वहिनीने विचारलं.

"तसं नाही. पण वरून बोलणं आलंय. बाजारात बसणं बरं दिसत नाही."

"बाई, तुम्हीच तिला सुरू कर म्हणालात. थांबायचं कधी, ते त्या दिवशी सांगितलं नाहीत," वहिनी म्हणाली. "मागे पडली तर मी स्वतः पेले फाडीन. नाही पडली तर कुणी काही बोलायचं नाही." बाई हजेरीपट चाळायला लागल्या. त्यांचाही नाइलाज असेल, पण माझ्याकडे तेव्हा त्यांच्यासाठी दया शिल्लक नव्हती.

त्यानंतर फाटकावर झडती सुरू झाली. संध्याकाळी बाहेर पडताना मुकादम उभा. सगळ्या बायकांमधून त्याने वहिनीलाच बाजूला घेतलं.

"डबा उघड."

"रिकामा आहे."

"उघड म्हटलं ना."

वहिनीने झाकण काढलं आणि डबा उलटा धरला. आतून दुपारच्या जेवणाचे चार कण पडले, तेवढेच. मागे उभ्या बायका खाली बघत होत्या. मग त्याने तिला ओंजळ उघडायला लावली. नखांत माती भरलेले, पाण्याने फुगलेले ते हात तिने त्याच्या तोंडासमोर धरले, आणि तो बघून झाल्यावरही खाली घेतले नाहीत. शेवटी तोच म्हणाला, "जा." वहिनी तडक घरी आली. मोरीत जाऊन तिने डबा इतका घासला की मला त्या आवाजाने रडू आलं.

दुसऱ्या दिवशी नवा हुकूम निघाला. उरलेली रोपं बांधावर टाकायची नाहीत, पायाखाली घ्यायची. सकाळी जी रोपं चिमटीत अलगद धरून लावली, त्यांचीच भावंडं संध्याकाळी आमच्या टाचेखाली. मुकादम समोर उभा राहून करवून घ्यायचा. हिरवा रस पायाला लागायचा आणि त्याचा उग्र वास जेवतानाही जायचा नाही. मुंगीला हे कळलं. ती कात्री घेऊन भिंतीमागे गेली आणि होती त्या रोपांचे शेंडे खुडून आणखी पेले भरू लागली. आम्ही तिघी त्या रात्री पेले वळत बसलो. दादा बाजेवर पाठ करून पडला होता, पण झोपलेला नव्हता.

वाऱ्याला मात्र हुकूम कळत नव्हता. मालकांच्या मळ्यात खालच्या बाजूचा अख्खा तुकडा विरळ झाला. नांग्या भरायला रोप हवं आणि तेही त्याच जातीचं, नाहीतर अर्धा माल लाल आणि अर्धा हिरवा. रोपं वाढवायचे गादीवाफे संपलेले. उरलेलं पायाखाली घातलेलं. आजूबाजूला कुठे विचारावं तर सगळीकडे एकच उत्तर, शिल्लक नाही. त्या जातीची रोपं सगळ्या भागात एकाच ठिकाणी होती, आमच्या मोरीच्या भिंतीमागे.

मालकांनी दादाला बोलावलं. काय झालं ते त्याने आल्यावर सांगितलं. मालक आवाज चढवून बोललेच नाहीत. म्हणाले, तुझी पोरगी सगळ्या शाळेसमोर म्हणाली, रोपं तुमच्या मळ्यातली, तुमचीच आहेत. आठवतंय ना? मग सकाळी ट्रॉली पाठवतो.

"मग तुम्ही काय म्हणालात?" वहिनीने विचारलं.

दादा चप्पल काढत होता. एक काढली, दुसरी तशीच राहिली.

"अहो, काय म्हणालात?"

"तुमचीच, म्हणालो."

वहिनीने पाठ फिरवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मुंगी दारात उभी होती. तिने बापाकडे असं बघितलं, की मी तिच्या जागी असते तर मला बाप नको झाला असता, आणि दादाच्या जागी असते तर जीव. मी मात्र तोंड सोडलं. "इतकी वर्षं फुकट देत आलास ते तुझं होतं. हे तुझं नव्हतं, दादा!"

"खोली आहे त्यांची," तो म्हणाला. "मोटर त्यांची, काम त्यांचं. उद्या उठवलं तर कुठे नेऊ तुम्हाला? रोपं काय, परत होतील."

"परत होतील तर मालकांनाच करू देत ना," मुंगी म्हणाली आणि भिंतीमागे जाऊन बसली.

सकाळी ट्रॉली आली. मुकादम आणि त्याच्यासोबत एक हमाल. कुणाला काही न विचारता ते भिंतीमागे गेले आणि मुंगीने पेले भरून ठेवलेले जुने क्रेट उचलून ट्रॉलीत ठेवू लागले. मुंगी गणवेशात होती, वेणी अर्धी घातलेली. ती ट्रॉलीच्या दुसऱ्या बाजूला गेली, मागचं फळकट खाली पाडलं आणि हमालाने ठेवलेला क्रेट उचलून पुन्हा खाली ठेवला. तो दुसरा घेऊन आला. तिने तोही उतरवला. तिच्या हाताला क्रेट जड होता, पोटावर टेकवून न्यावा लागत होता, गणवेशावर माती सांडत होती.

"ए पोरी, बाजूला हो," मुकादम म्हणाला.

ती बाजूला झाली नाही. वहिनी खोलीतून बाहेर आली आणि लेकीच्या शेजारी उभी राहिली. मग मी. आता ते दोघे एका बाजूने चढवणार आणि आम्ही तिघी दुसऱ्या बाजूने उतरवणार. रांगेतली पोरं जमली, त्यांनाही हा खेळ समजला आणि एकेक क्रेट हातोहात मागे जाऊ लागला. हमाल घामाघूम झाला आणि शेवटी मुकादमाला म्हणाला, "भरतोय मी, पण भरत काही नाही." पोरं खो खो हसली. मलाही हसू आवरलं नाही, आणि मुकादमाचं तोंड असं झालं की विचारू नका. त्याने फोन लावला.

मालक गाडीतून आले. पोरं पांगली. त्यांनी ट्रॉलीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलंच नाही. "कुठे आहे रे तो?"

दादा मोटरीकडून पळत आलेला, पायाला चिखल, हातात पाना.

"काल तू काय म्हणालास मला? सांग सगळ्यांना. रोपं कुणाची?"

वारा सुटला होता. पेल्यांचे कागद फडफडत होते. दादाचे ओठ हलले. मला ते दोन शब्द दिसले सुद्धा, त्याच्या तोंडात तयार असलेले. त्याने मुंगीकडे बघितलं. ती क्रेट पोटाशी धरून उभी होती आणि खाली ठेवत नव्हती. 

"म्हणालो होतो, मालक," दादा म्हणाला. "सवयीने म्हणालो."

"म्हणजे?"

"टाकलेली होती ती तुमची. ही तिची आहेत." तो थांबला नाही. "तिच्या आईने रात्री जागून पेले केलेत. तुम्ही बांधावरची तुडवायला लावलीत, मी बघितलंय. तिची आहेत ही. घ्यायची असतील तर तिला विचारा."

मालक थोडे हसले. ते हसू मी ओळखत होते. "आणि तू राहतोस ती खोली?"

"खोली तुमचीच आहे," दादा म्हणाला. मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, "सायकल माझी आहे."

हमाल तोंड फिरवून हसला. मालकांना त्याचा अर्थ लागला नाही, वहिनीला लागला. तिने तोंडाला फडका लावला आणि तिथेच, ट्रॉलीला टेकून रडायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याबद्दल तिला असा अभिमान वाटलेला मी तेव्हाच पाहिला.

"संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा," मालक म्हणाले आणि गेले. ट्रॉली रिकामीच परत गेली.

मग कुठे जायचं हा प्रश्न होताच. छाती काढून बोललं तरी संध्याकाळ व्हायची थांबत नाही. मुंगी सायकलवर चौकात गेली आणि परत येऊन म्हणाली, "पंक्चरवाले काका दुकानामागची शेड देतायत. पत्रे गळके आहेत. भाडं सांगितलंय."

"किती?" दादाने विचारलं.

"मी कमी करून घेतलंय," ती म्हणाली.

आम्ही आधी रोपं नेली, मग भांडी. रांगेतल्या बायका दारांतून बघत होत्या. मालकांच्या भीतीने कुणी बाहेर आलं नाही, पण त्यांची पोरं आली आणि प्रत्येकाने एकेक क्रेट उचलला. शेड म्हणजे काय, तीन बाजूंनी पत्रे आणि चौथ्या बाजूला जुन्या टायरांची भिंत. रबराचा वास, रात्री डास, अंगाखाली खडबडीत जमीन. दादाला कुठेच काम मिळेना. मालकांचा शब्द सगळ्या मळ्यांत पोचला होता. पहिले काही दिवस तो सकाळी उठून सवयीने मोटर चालू करायला निघायचा आणि टायरांपाशी थांबायचा. मग मुंगीने त्याला पाण्यावर ठेवलं.

"बाबा, इतकं नाही घालायचं. मुळं कुजतात."

"तीस वर्षं पाणीच घातलंय मी," दादा म्हणाला.

"ते शेताला. हे पेल्याला." दादाने झारी तिरकी केली. वहिनी आणि मी दिवसभर पेले वळायचो, शेंडे खुडायचो. हाल होते, नाही असं नाही. एकदा रात्रभर पाऊस पडला तेव्हा आम्ही चौघं उभे राहून सकाळ केली, कारण कोरडी जागा रोपांना दिली होती. मला त्या रात्री पुन्हा मळ्यातली खोली आठवली, आणि तशी आठवली म्हणून स्वतःचाच राग आला.

पण बाजाराच्या दिवशी दुकानासमोर माणसं थांबायची. मुंगी शाळा करून यायची, बसायला रिकामा डबा घ्यायची आणि एकेकाशी बोलायची. किती जागा मोकळी आहे, माती कसली आहे, पाणी कधी देता, असं विचारून मगच रोपं द्यायची. एकाला तर तिने परत पाठवलं. "काका, तुमच्याकडे पाणी नाही. रोपं नेऊन माराल आणि मला नाव ठेवाल."

अशाच एका बाजाराला मालकांची ट्रॉली येऊन थांबली. मुकादम उतरला. एकटाच होता. माणसांच्या पुढे घुसून तो म्हणाला, "सगळी दे. पैसे आणलेत."

मुंगीने आधीच्या गिऱ्हाइकाचं बोलणं पुरं होऊ दिलं. मग म्हणाली, "सगळी नाहीत. या कडेची यांनी आधी सांगून ठेवलीत. तेवढी सोडून घ्या."

"मालकांना पाहिजेत."

"कळलं मला. बाकीची दहा-पंधरा दिवसांनी होतील. सांगून ठेवा, बाजूला काढते."

मुकादमाने इकडे तिकडे बघितलं. माणसं हलली नाहीत. पंक्चरवाला दारात येऊन उभा राहिला होता, हातात टायर काढायची लोखंडी पट्टी. वापरायला नव्हती ती, त्याच्या हातात कायमच असायची, पण दिसायला बरी दिसत होती.

"भाव काय?"

"पाटीवर आहे."

"मालकांनाही तोच?"

"रोपांना कुठे माहीत असतं, कुणाच्या शेतात जायचंय ते," मुंगी म्हणाली. मागे कुणीतरी हसलं. मुकादमाने पैसे काढले. तिने घेतले, बघितले, वहिनीकडे दिले.

त्याने ट्रॉलीचं फळकट पाडलं आणि नेहमीसारखी दादाकडे बघून हनुवटी हलवली. तेवढं पुरे असायचं. दादा झारी खाली ठेवून पुढे झाला, वाकला आणि त्याने क्रेटला हात घातला. तीस वर्षांचं वाकणं, असं सहजी सुटत नाही.

"बाबा," मुंगी म्हणाली.

तो तसाच वाकलेला थांबला.

"राहू द्या. इथे गिऱ्हाईक आपलं आपण उचलतं. सगळेच उचलतात."

दादा सरळ झाला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना, मग त्याने ते मागे बांधले. मुकादम थोडा वेळ वाट बघत उभा राहिला, कुणी येईल म्हणून. कुणी आलं नाही. मग त्याने बाह्या वर केल्या आणि पहिल्या क्रेटसाठी तो खाली वाकला. आम्ही मळ्यात असताना तो रोज आमच्या वाकलेल्या पाठी बघायचा. त्याची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.